रेजिमेंट कोणती मिळेल?

(पहाटेचं मैदान. अंधार. फक्त पावलांचा आवाज.)

पहाटेचे पावणेपाच वाजलेत. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाबाहेरचं मैदान, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला शाळेची भिंत, आणि मधल्या मातीच्या ट्रॅकवर अठरा पोरं पळतायत. चार राउंड मारले की सोळाशे मीटर होतात. कडेला एक रिटायर्ड हवालदार उभे आहेत, गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच, आणि पोरगं समोरून गेलं की ते फक्त वेळ सांगतात. "पाच बेचाळीस." "पाच एकावन्न." एक पोरगं पाच अठ्ठावीसला आलं तेव्हा तात्यांनी नुसती मान हलवली, इथं तेवढीच शाबासकी असते.

पळून झालं की बीम, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून मारायचे पुल-अप्स. एकाच्या तळहातावरचा फोड फुटून कातडं निघालेलं, त्यानं त्यावर चिमूटभर माती चोळली आणि परत लटकला. सात, आठ, नऊ, दहा. दहा झाल्याशिवाय खाली उतरलाच नाही, कारण भरतीत दहा बीमला चाळीस मार्क आहेत आणि साडेपाच मिनिटांच्या आत पळालात तर साठ, म्हणजे शंभरातले शंभर इथंच या मातीत ठरतात. शिवाय नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स, त्याला मार्क नाहीत पण ते पार करावंच लागतं.

मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. कोणत्या रेजिमेंटमध्ये जायचंय?

सतरा जण म्हणाले, मराठा. एक म्हणाला, मिळेल ती.

तो एक म्हणजे पाच अठ्ठावीसवाला. त्याचं उत्तर ऐकल्यापासून हा व्हिडिओ करायचं डोक्यात होतं, कारण रोज कुणी ना कुणी विचारतं की रेजिमेंट कशी निवडायची, आणि याचं खरं उत्तर फार कमी लोक सरळ सांगतात.

(बेळगाव. सेंटरच्या दिशेनं जाणारा रस्ता.)

आधी मराठाच का, ते बघू. मराठा लाइट इन्फन्ट्री ही आपल्या लष्करातल्या फार जुन्या रेजिमेंटपैकी एक, सुरुवात १७६८ सालची, तेव्हा नाव होतं बॉम्बे सिपॉय. सेंटर बेळगावला. घोषणा तर शाळेतल्या पोराला पण पाठ असते, बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय. दरवर्षी ४ फेब्रुवारीला रेजिमेंट मराठा दिवस साजरा करते, १६७० साली कोंढाणा घेतला त्याची आठवण म्हणून. आता सांगा, ज्या घरात आजोबा त्या पलटणीत, बाप त्या पलटणीत, भिंतीवर बिगुलाचा बॅज लावलेला फोटो, त्या घरातलं पोरगं दुसरं नाव कशाला घेईल?

रायगड जिल्ह्यात माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४, इटली. त्यांच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला आणि सेक्शनचे कमांडर म्हणजे ते स्वतः सोडून सगळे पडले, कुणी मेलं, कुणी जखमी झालं. हा बावीस वर्षांचा कोकणातला माणूस एकटा त्या गनवर धावून गेला, ग्रेनेड टाकला, गन गप्प केली, उरलेल्यांशी शेवटी बंदुकीच्या दस्त्यानं लढला आणि मग शत्रूच्या स्नायपरची गोळी लागली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. मी त्या पुतळ्यासमोर उभा राहिलो तेव्हा शेजारून एसटी जात होती, शाळेची पोरं चालली होती, आणि मला एवढंच वाटत होतं की हा माणूस आपल्यासारख्याच कुठल्यातरी वाडीतून निघाला असेल.

म्हणून मराठा हवी असं वाटणं शंभर टक्के बरोबर आहे. पण हवी असणं वेगळं आणि निवडता येणं वेगळं.

(अर्ज भरणाऱ्या मुलाच्या हातातला मोबाईल.)

आता नीट ऐका. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हापासून जवान म्हणून भरती होणारा जवळपास प्रत्येक जण अग्निवीर. चार वर्षांची सेवा, आणि त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के पोरांना पुढे कायम करतात. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग भरतीच्या रॅलीत ग्राउंड, मग मेडिकल, मग मेरिट. फॉर्म भरताना तुम्ही कॅटेगरी निवडता. जीडी म्हणजे जनरल ड्यूटी, टेक्निकल, क्लार्क आणि स्टोअरकीपर, ट्रेड्समन. रेजिमेंटचं नाव तिथं विचारतच नाहीत. सेवेच्या अटींमध्ये साफ लिहिलंय की अग्निवीराला कुठल्याही रेजिमेंटमध्ये, कुठल्याही युनिटमध्ये पाठवता येतं. म्हणजे तुम्ही जीडीत पास झालात तर पुढे इन्फन्ट्री म्हणजे पायदळ की तोफखाना की इंजिनिअर हे जागा किती आणि कुठं आहेत त्यावर ठरतं.

यात एक वाट वेगळी आहे. रेजिमेंटल सेंटर स्वतःच्या कोट्यातून रॅली घेतात, त्याला युनिट हेडक्वार्टर कोटा म्हणतात, आणि ती प्रामुख्यानं फौजींच्या मुलांसाठी, भावांसाठी आणि चांगल्या खेळाडूंसाठी असते. नात्याचा दाखला लागतो, तो रेकॉर्ड ऑफिसकडून मिळतो. तुमचे वडील किंवा सख्खा भाऊ पलटणीत असेल तर ही चौकशी आजच करा, मुलं वय निघून गेल्यावर विचारायला येतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

आणि ऑफिसर व्हायचं असेल तर गोष्ट निराळी, तिथं डेहराडूनला ट्रेनिंग संपता संपता कॅडेटला पसंतीक्रम विचारतात, वडिलांच्या युनिटवर हक्क सांगता येतो. तिथंही सगळ्यांनाच पहिली पसंती मिळते असं नाही.

एक गोष्ट माझ्या घरातली. माझ्या चुलतभावाला एका माणसानं सांगितलं की पैसे दे, बेळगाव फिक्स करून देतो. काकांनी म्हैस विकली. पैसे गेले, माणूस गेला, आणि भाऊ त्या नादात दोन महिने प्रॅक्टिस सोडून बसला, त्या वर्षीची रॅली हुकली. म्हणून हात जोडून सांगतो, पैसे देऊन भरती पण होत नाही आणि रेजिमेंट तर नाहीच नाही.

(जुनी छायाचित्रं.)

रेजिमेंट निवडणं तर सोडाच, कुठल्याच रेजिमेंटचं दार उघडत नव्हतं अशी पण माणसं याच महाराष्ट्रात होती, त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार सैनिक पिढ्यान्‌पिढ्या लढले. डॉक्टर बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते, बाबासाहेबांचा जन्मच महूच्या छावणीतला. मग १८९२ च्या सुमाराला इंग्रजांनी लढाऊ जाती नावाचं खूळ डोक्यात घेऊन महारांची भरती बंद केली. पेन्शनीवर आलेली माणसं, छातीवर मेडलं असलेली माणसं, त्यांच्या पोरांना नाही म्हणून सांगितलं. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी १८९४ मध्ये दापोलीहून अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेपर्यंत अर्ज नेला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडून पण टाकली. गरज होती तोवर फौजी, गरज संपली की घरी जा.

शेवटी दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी ही मागणी लावून धरली आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. जवळपास पन्नास वर्षं. आज तिचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे, बोधवाक्य यश सिद्धी, घोषणा बोलो हिंदुस्तान की जय, आणि रेजिमेंटमध्ये देशभरातली सगळ्या समाजांची पोरं आहेत. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी, दोन लष्करप्रमुख या रेजिमेंटचे. मेजर रामस्वामी परमेश्वरन, परमवीर चक्र, २५ नोव्हेंबर १९८७, श्रीलंका, आठवी महार. मेजरसाहेब जन्मानं मुंबईचे, घर तमिळ, आणि पलटण महार. कोण कुठला हा प्रश्न त्या दिवशी कुणाच्या डोक्यात पण आला नसेल.

(तात्यांचं घर. माळ्यावर दोन लोखंडी ट्रंका.)

तात्यांच्या माळ्यावर दोन काळ्या ट्रंका आहेत. एकीवर पांढऱ्या रंगात त्यांच्या वडिलांचा म्हणजे आबांचा नंबर, नाव, आणि खाली मराठा लाइट इन्फन्ट्री, बेळगाव. दुसरीवर तात्यांचं नाव आणि खाली आर्टिलरी सेंटर, नाशिक रोड.

"मला पण मराठाच पाहिजे होती," तात्या म्हणाले. "कागदावर तोफखाना आला तवा आबा दोन दिवस माझ्याशी बोललं नाहीत. मी नाशिक रोडला उतरलो तर पेटी खांद्यावर आणि डोळ्यात पाणी."

मग काय झालं ते त्यांनी सावकाश सांगितलं. सेंटरला पहिले दोन महिने उस्तादांचा रगडा, सगळ्या राज्यांची पोरं, भाषा कळेना. मग एक दिवस तोफेजवळ उभं केलं आणि कळलं की इथं एकटा माणूस काहीच नसतो, गोळा उचलणारा, भरणारा, निशाणा लावणारा, एकाचा हात हुकला की सगळ्यांचं काम हुकलं. १९९९ ला तात्या द्रासला बोफोर्सच्या मागे होते, चाळीस किलोच्या वरचा एकेक गोळा, रात्रभर. "वरती डोंगरावर जी पलटण चढत होती ना, तिची पोरं आमच्या गोळ्याच्या भरवशावर चढत होती. त्यात मराठा कोण, जाट कोण, गढवाली कोण, आम्हाला खालून काय दिसतंय?" ते परत आले तेव्हा आबा एसटी स्टँडवर घ्यायला आले होते, आणि सगळ्यांदेखत आबांनी त्यांना सलाम केला. हे सांगताना तात्या थांबले, आम्ही पण कॅमेरा बंद केला.

एक घोळ इथंच सोडवून टाकतो, कारण पोरांचा खूप गोंधळ होतो. इन्फन्ट्रीत रेजिमेंट म्हणजे मोठं घराणं, त्यात अनेक पलटणी, एकेका पलटणीत आठशेच्या आसपास माणसं, आणि पलटणीला पण स्वतःची नावं, जसं पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण, दुसरी म्हणजे काली पांचवी. तोफखान्यात किंवा रणगाड्यांत मात्र रेजिमेंट म्हणजे एकच युनिट. त्यामुळे कुणी म्हणालं मी अमुक रेजिमेंटला आहे तर आधी विचारा, कुठल्या आर्मची, म्हणजे इन्फन्ट्रीची की तोफखान्याची की रणगाड्यांची. आणि नावावरून अंदाज बांधू नका, पूना हॉर्सच्या नावात पुणे आहे म्हणून पुण्याच्या पोराला तिथं जागा राखीव नसते.

मग तुमच्या हातात काय आहे? कॅटेगरी आहे, आणि माझ्या मते खरा विचार इथं करायचा. बारावी सायन्स झालंय, मशीनमध्ये हात चालतो, तर सगळे मित्र जीडी भरतायत म्हणून तुम्ही पण जीडी भरू नका, टेक्निकलचा फॉर्म बघा, कारण चार वर्षांनी बाहेर यावं लागलं तर हातातलं काम सोबत येतं. उलट, ज्याला डोंगर, रायफल, पलटण हेच पाहिजे त्यानं जीडीच भरावा, टेक्निकलमध्ये जाऊन कुढत बसू नये. डोळे, कान, दात, गुडघे हे रॅलीच्या सहा महिने आधी तपासून घ्या, मेडिकलला बाहेर पडलेली पोरं मी गेटवर बसलेली बघितलीत. आणि लेखीचा अभ्यास मराठीतून करा, परीक्षा आता मराठीतून पण देता येते.

घरच्यांना पण एक विनंती. पोराचं अलॉटमेंट आलं की पहिला प्रश्न "मराठा का नाही मिळाली" असा विचारू नका.

(लोखंडी पत्र्यावर ब्रश फिरतोय.)

पाच अठ्ठावीसवाल्या पोराचं पत्र आलं. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे इंजिनिअर, खडकी. त्याला वाटलं हे काय रस्ते बांधायचं काम. तात्यांनी त्याला ओट्यावर बसवून रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगितली. कारवारजवळच्या चेंडियाचा माणूस, १९४० ला साधा जवान म्हणून याच बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला, पुढे ऑफिसर झाला, आणि एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर आपल्या रणगाड्यांसाठी सुरुंग काढत, अडथळे उडवत, वरून गोळ्या येत असताना दिवसरात्र रस्ता मोकळा करत राहिला, जखमी होऊनही. परमवीर चक्र मिळालं. पोरगं काही बोललं नाही, फक्त विचारलं, "तात्या, खडकीला कधी पोचायला लागंल?"

दुसऱ्या दिवशी गावातला पेंटर आला. नवी ट्रंक, काळा रंग अजून ओला. वर नाव लिहून झालं, त्याखाली सेंटरचं नाव. आई दारात उभी होती, पोरगं शेजारी उकिडवं बसून एकेक अक्षर बघत होतं.

तात्या मागून म्हणाले, "खडकी जरा मोठं काढ रे."