जाळीखाली थांबलेली ज्योत

नमस्कार श्रोतेहो.

गार पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं की पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात त्याच्या बुडाला बाहेरून घाम फुटतो. बारीक थेंब धरतात, एखादा ओघळून बर्नरवर पडतो आणि चुर्र आवाज होतो. आपल्याला वाटतं, पातेलं ओलं राहिलं असेल. उद्या अगदी कोरडं पुसून ठेवून बघा. थेंब तरीही येणार. ते पाणी नळाचं नाही, ज्योतीत तयार झालेलं पाणी आहे. पुन्हा सांगतो, ज्योतीत तयार झालेलं पाणी.

कसं, ते बघू. स्वयंपाकाचा गॅस घ्या, रॉकेल घ्या, पेट्रोल, डिझेल नाहीतर मेणबत्तीचं मेण घ्या. ही सगळी हायड्रोकार्बनं, म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांची बनलेली. जळताना दोन्ही हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जातात. हायड्रोजनचं पाणी होतं, कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. जुने बंध तोडायला जेवढी ऊर्जा खर्च होते, त्याहून जास्त ऊर्जा नवे बंध जुळताना बाहेर पडते. ती वरची ऊर्जा म्हणजे आपल्याला मिळणारी धग.

आता वजनं ऐका. प्रोपेन हा स्वयंपाकाच्या गॅसमधला एक मुख्य घटक. १ किलो प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन लागतो. हवेच्या वजनात ऑक्सिजन साधारण २३ टक्केच, त्यामुळे हवा लागते साडेपंधरा किलोंहून थोडी जास्त. आणि तयार होतो ३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १.६ किलो पाणी. इंधन १ किलो, हवा साडेपंधरा किलो. आपण पैसे इंधनाचे मोजतो, म्हणून ज्योत इंधनाची वाटते. ती खरी हवेची आहे.

शाळेत हे समीकरण आपण सगळ्यांनी लिहिलंय. बाण काढला, दोन्ही बाजू जुळवल्या, गुण घेतले. पण पेटत्या मेणबत्तीवर गार काचेचा पेला उपडा धरून, आत धरलेलं ते दव कुणी तुम्हाला दाखवलं होतं का? रसायनशास्त्राचा पहिला तास फळ्यासमोर होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तो ज्योतीसमोर व्हावा. मूल एकदा त्या दवावरून बोट फिरवेल तर समीकरण जन्मभर विसरणार नाही.

असो. इंधन आणि हवा एकत्र आली की लगेच आग लागते असं नाही. तिसरी गोष्ट लागते, ताप. इंधन, हवा आणि ताप. या तिसऱ्या गोष्टीची एक हकीकत आहे, आणि आज मी खरं म्हणजे तीच सांगायला आलोय.

२५ मे १८१२. ईशान्य इंग्लंडमधलं फेलिंग. तिथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ९२ माणसं गेली. त्यांत लहान मुलंही होती, कारण तेव्हा मुलंही खाणीत उतरत. स्फोट कशाचा? कोळशाच्या थरांतून झिरपणाऱ्या वायूचा. खाणकामगार त्याला फायरडॅम्प म्हणत. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, सगळ्यांत साधं हायड्रोकार्बन. एक कार्बन, चार हायड्रोजन. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असलं की एक ठिणगी पुरते.

जमिनीखाली मिट्ट काळोख. उजेडाशिवाय काम नाही, आणि उजेड म्हणजे उघडी ज्योत. माणसांनी काय काय करून पाहिलं! पोलादी चाक फिरवून त्यावर गारगोटी घासायची आणि उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात काम करायचं. हे काम बहुतेक एखाद्या मुलाकडे असे. कुठे तर कुजणाऱ्या माशांच्या कातडीच्या अंधुक चमकेवर भागवल्याचं सांगतात. आणि त्या चाकाच्या ठिणग्यांनीही स्फोट व्हायचे.

फेलिंगच्या मृतांचे अंत्यविधी करणारे पाद्री होते जॉन हॉजसन. त्यांनी या दुर्घटनेची हकीकत छापून प्रसिद्ध केली. खाणमालकांना ती फारशी रुचणारी नव्हती, तरी केली. त्या भागातल्या लोकांनी एक मंडळ उभारलं आणि अखेर १८१५ च्या ऑगस्टमध्ये हम्फ्री डेव्ही तिथे आले. त्या काळातले नामवंत रसायनशास्त्रज्ञ. ते खाणीतल्या लोकांशी बोलले आणि लंडनला परतले. मागोमाग खाणीतला वायू भरलेल्या बाटल्या त्यांच्या प्रयोगशाळेत पोचल्या.

मला या माणसाचं मोठं वाटतं ते इथे. डेव्ही दिवा बनवायला बसले नाहीत. ते ज्योत समजून घ्यायला बसले. हा वायू नेमका कधी पेटतो? किती हवेत मिसळला तर पेटतो? तापून लाल झालेला कोळसा त्यात नेला तर? त्यांना दिसलं की तेवढ्याने तो पेटत नाही. दुसऱ्या कितीतरी ज्वालाग्राही वायूंपेक्षा याला पेटायला जास्त ताप लागतो. मग त्यांनी धातूच्या अरुंद नळीच्या एका टोकाला स्फोट घडवला. ज्योत नळीत शिरायची आणि दुसऱ्या टोकाला पोचायच्या आतच विझायची. नळीच्या गार भिंती तिचा ताप शोषून घेत होत्या.

नळ्या जितक्या अरुंद, तितक्या आखूड केल्या तरी चालत होत्या. आखूड करत करत शेवटी काय उरतं? जाळी. तारेच्या जाळीचं प्रत्येक भोक म्हणजे एक इवलीशी आखूड नळीच. दिव्याच्या ज्योतीभोवती त्यांनी अशा जाळीचं नळकांडं बसवलं. एका इंचात २८ भोकं, म्हणजे चौरस इंचात ७८४. हवा आत जाते, वायूही आत जातो, जळतोही. पण ज्योत बाहेर येत नाही, कारण तारांमधून जाताना तिचा ताप काढून घेतला जातो. इंधन आहे, हवा आहे, ताप नाही. १८१६ च्या जानेवारीत हेबर्नच्या खाणीत, जिथे फायरडॅम्प भरपूर होता तिथे, हे दिवे नेले आणि स्फोट झाला नाही.

हे तुम्ही ओट्यापाशी पाहू शकता, मोठ्या माणसांनीच करायचं. मेणबत्तीच्या ज्योतीवर बारीक जाळीची धातूची गाळणी हळूच खाली आणा. ज्योत जाळीखाली चपटी होते, कापल्यासारखी. वर नुसता धूर येतो. आता पेटती काडी त्या धुरात धरा. धूर पेटतो! म्हणजे इंधन जाळीतून वर येतच होतं. अडला होता तो ताप. मी हे कितीतरी वेळा केलंय, आणि धूर पेटतो त्या क्षणी अजूनही दर वेळी हरखून जातो.

डेव्हींना स्नेह्यांनी पेटंट घ्यायला सांगितलं, त्यांनी घेतलं नाही. याबद्दल त्यांना हात जोडावेत. पण एक गोष्ट मला खटकते आणि ती बोलणारच. त्याच सुमारास, १८१५ च्या ऑक्टोबरमध्ये, किलिंगवर्थच्या खाणीत जॉर्ज स्टीफन्सन या यंत्रकारागिरानेही सुरक्षित दिवा करून खाणीत उतरवला होता. हेच पुढे रेल्वेच्या इंजिनांमुळे गाजलेले स्टीफन्सन. शाळा न शिकलेल्या माणसाला हे सुचलं असेल, हे डेव्हींनी कधीच मान्य केलं नाही. मला वाटतं, हात काळे करून शिकलेल्या माणसाचं ज्ञान कमी धरण्याची ही सवय विज्ञानाला फार महाग पडली आहे, आणि ती अजून गेलेली नाही.

दिव्याने सगळं सुरळीत झालं असंही नाही. तारा गंजायच्या, जाळी फाटायची, जोराच्या वाऱ्यात ज्योत जाळीपार ढकलली जायची. आणि दिवा आहे म्हणून आधी धोकादायक ठरवून सोडलेल्या जागीही माणसं उतरवली गेली. स्फोट होतच राहिले.

पण त्या प्रयोगांतून डेव्हींना आणखी दोन गोष्टी कळल्या. एक, तापलेली प्लॅटिनमची तार वायू आणि हवेच्या मिश्रणात धरली तर ज्योत नसतानाही लालबुंद राहते. वायू तारेच्या पृष्ठभागावर गुपचूप जळत राहतो. ही १८१७ ची गोष्ट. आज मोटारीच्या धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच तत्त्वावर उरलेलं इंधन जाळून टाकतो. दुसरी गोष्ट, ज्योतीचा पिवळा उजेड येतो तो तिच्यात तापून चकाकणाऱ्या कार्बनच्या घन कणांमुळे. म्हणजे काजळीमुळे.

वेळ थोडाच उरलाय, पण हे मात्र नीट ऐका. गॅसची ज्योत निळी असायला हवी. ती पिवळी होऊन भांडी काळी व्हायला लागली, तर हवा कमी पडतेय. बर्नरची भोकं तुंबली असतील, हवेची वाट बंद असेल. हवा कमी पडली की कार्बन अर्धवट जळतो. थोडा काजळी होतो, आणि थोड्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. आणि खोली बंद असेल तर सुरुवातीची निळी ज्योतसुद्धा हवा संपवत संपवत तिथेच येते. साडेपंधरा किलो हवा, आठवतंय ना?

म्हणून बंद बाथरूममध्ये गॅसचा गीझर नको, आणि गॅस चालू असताना खिडकी उघडी हवी. खिडकी उघडी हवी. डोकं जड झालं, मळमळलं, डोळ्यांवर झापड आली, तर कारण शोधत बसू नका. आधी बाहेर मोकळ्या हवेत या, घरातल्यांनाही बाहेर काढा आणि मग डॉक्टरांना बोलवा.

नमस्कार.