गजकर्ण हटत का नाही?

नमस्कार मंडळी. स्किनवर बोला म्हणालात, पण मी मुरुम, केस गळणं सगळं बाजूला ठेवून आज फक्त गजकर्णावर बोलणारेय, म्हणजे फंगसमुळे (बुरशीमुळे) होणारा त्वचेचा आजार, आपण इंदूरला ज्याला सरळ दाद म्हणतो ते. पावसाळा लागला की ओपीडीत याचीच रांग असते आणि बघून खरंच जीव तुटतो, कारण साधा आजार आपण हाताने अवघड करून ठेवलाय.

जांघेत, कमरेला गोल चट्टा, कड लाल, मधे जरा साफ, आणि प्रचंड खाज. आणि पेशंटच्या पिशवीत हमखास एक ट्यूब, मेडिकलवरून स्वतःच आणलेली नाहीतर शेजारच्या काकूंनी दिलेली. त्यावरची बारीक अक्षरं वाचा हो. एक अँटिफंगल म्हणजे फंगस मारणारं औषध, एक अँटिबायोटिक आणि बऱ्याचदा क्लोबेटासोल, म्हणजे सगळ्यात स्ट्राँग स्टिरॉइडपैकी एक! आता लाली आणि खाज म्हणजे आपलं शरीर फंगसशी लढतंय, स्टिरॉइड ती लढाईच बंद पाडतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं आणि फंगस मात्र पसरत राहतं, चट्ट्याचा गोल आकारही जातो, मग डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. जांघेतली कातडी पातळ होऊन जे पट्टे पडतात ते तर कायमचेच.

स्टिरॉइड वाईट नाही, हे पण सांगते. १९५२ मधे हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड त्वचेवर लावायला सुरुवात झाली आणि एक्झिमाच्या पेशंटचं आयुष्यच बदललं. पण गजकर्णावर ते नको म्हणजे नको. २०१८ मधे सरकारने बरीच स्टिरॉइड क्रीम्स शेड्यूल एच मधे टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी सर्रास मिळतात.

याच्यात नवीन संकट म्हणजे टर्बिनाफिन हे अँटिफंगल औषध चालेनासं होणं. हे औषध फंगसचं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे त्याचं बाहेरचं आवरण नीट बनत नाही. आता त्या एन्झाइमच्या जीनमधेच बदल झालेलं फंगस आपल्याकडे पसरलंय, त्याच्यावर औषध चालतच नाही. २०२० मधे जपानच्या संशोधकांनी त्याला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नाव दिलं, भारत आणि नेपाळच्या पेशंटमधे सापडलं म्हणून. २०२३ मधे न्यूयॉर्कमधल्या दोन केसेस छापून आल्या, त्यातली एक बाई तर परदेशात कुठे गेलीच नव्हती. हे असं पसरण्यात या मिक्स ट्यूबांचा मोठा हात आहे असं आमच्या क्षेत्रात बरेच जण मानतात, मलाही तसंच वाटतं.

मग करायचं काय? डॉक्टरकडून चट्टा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघून घ्या, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. गोळ्या कित्येक आठवडे चालतात, बऱ्याचदा इट्राकोनाझोल, आणि डाग गेला तरी डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही. घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांची एकदम ट्रीटमेंट, टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात, आणि ओली घट्ट जीन्स घालून दिवसभर फिरू नका.

आणि ज्यांची ट्यूब आत्ता चालू आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, ती बंद केल्यावर काही दिवस लाली आणि खाज दुप्पट वाटेल, घाबरून परत तीच लावू नका, त्याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरकडे जा आणि ती ट्यूब सोबत घेऊन जा, लपवू नका, कोणी रागावणार नाही.