शिंप्याची टेप आणि ६० गुण

(दृश्य: टेबलावर गुंडाळून ठेवलेली पिवळी टेप)

ही शिंप्याची टेप. लांबी १५० सेंटिमीटर. मधुमेह होण्याचा धोका किती, हे पाहायला सुरुवात हिच्यापासून करायची. सुई त्यानंतर.

(दृश्य: आरशासमोर उभा माणूस, हात बरगडीवर)

पण माप कुठं घ्यायचं? पॅन्ट ३४ नंबरची आहे म्हणजे घेरही ३४ इंच, असं बहुतेक पुरुष धरून चालतात. पोट सुटलं की पॅन्ट पोटाखाली उतरते आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. म्हणून पट्ट्याची जागा विसरायची. कुशीला हात लावून शेवटची बरगडी चाचपायची, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ. या दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप लावायची, तीही कपड्यावरून नाही, अंगाला लागून. मागच्या बाजूला ती खाली घसरते, तेवढं आरशात बघून सरळ करायचं. श्वास सहज बाहेर सोडायचा आणि आकडा वाचायचा. पोट आत ओढलं तर आकडा खोटाच येणार.

भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९०. इथून पुढे धोका चढतो.

(दृश्य: वजनकाटा)

वजनकाटा का नको? त्याचं उत्तर २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका छायाचित्रात आहे. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा: २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांना एकच म्हणतो, शरीरं मात्र निराळी.

ही गोष्ट जन्माआधीच सुरू होते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालू आहे. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, हातापायांत स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. म्हणजे साखर साठवायचं कोठार आधीच लहान, आणि पुढे खाणं वाढलं, हालचाल घटली की जास्तीचा माल पोटात आणि यकृतात चरबी होऊन बसतो. मग रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन असूनही पुरेसं काम करत नाही. यात आईचा दोष काढू नये. नऊ महिने शेतात राबून सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईला वेगळं काय करता आलं असतं?

(दृश्य: कागदावर चार ओळी, पुढे गुण)

आता गुण मांडू. चेन्नईच्या संशोधकांनी २००५ साली भारतीयांसाठी ही मोजणी तयार केली. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० किंवा पुढे असेल तर ३०. बाईचा घेर ८० ते ८९ असेल तर १०, ९० किंवा जास्त असेल तर २०. पुरुषाचा ९० ते ९९ ला १०, १०० पासून २०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. राहिली हालचाल. नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही असेल तर शून्य, दोन्हींतलं एकच असेल तर २०, बैठं काम आणि व्यायामही नाही तर ३०. बेरीज ६० किंवा वर गेली की धोका मोठा.

समजा, घरी शिलाईकाम करणारी ४२ वर्षांची बाई. घेर ८४, आईला शुगर, चालणं नाही. २०, १०, १०, ३०, झाले ७०. वय आणि आई बदलत नाही. पण रोज नेमानं चालून घेर ८० च्या आत आणला, तर हीच बेरीज ५० वर येते.

चालायचं किती? आठवड्याला निदान १५० मिनिटं. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम: उठाबशा, भिंतीला टेकून जोर. ज्यांचे स्नायूच कमी आहेत त्यांना हा भाग टाळून चालणार नाही.

खाण्यात पहिला हिशेब चहाचा. कपाला दोन चमचे साखर, दिवसात चार कप. झाले आठ चमचे, ३० ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. आणि भाकरीबद्दल एक गैरसमज आहे. ज्वारी चांगलीच, पण तीन भाकऱ्या आणि चमचाभर आमटी असं ताट असेल तर पीठ पिठाच्या जागी राहतंच. भाकरी एक कमी, डाळ-उसळ दुप्पट. उपासाची साबुदाण्याची खिचडी तर जवळजवळ निव्वळ स्टार्च.

सिगारेट-विडीनेही धोका वाढतो. अपुरी झोप, रक्तदाब, यकृतातली चरबी याही गोष्टी धरा. मानेवरचा काळपट, मखमली पट्टा घासून जात नाही. तो मळ नसतो, वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. गुडघेदुखीवर बिननावाच्या पुड्या घेणाऱ्यांनी जपावं, त्यांत कधी कधी स्टेरॉइड सापडतं आणि साखर चढते. गरोदरपणात साखर वाढली होती, त्या बाईला घरचे सांगतात, बाळंत झाली, शुगर गेली. तिचा धोका गेलेला नसतो. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी एक तपासणी, आणि नंतरही ठरावीक काळाने चालू ठेवायची.

(दृश्य: रात्र, इमारतीच्या फाटकावर सुरक्षारक्षकाची खुर्ची)

हा श्रीमंतांचा आजार, असं अजून ऐकू येतं. देशभरच्या मोठ्या सर्वेक्षणाचे २०१७ मधले आकडे वेगळं सांगतात: महाराष्ट्राच्या शहरी भागात मधुमेहाचं प्रमाण गरीब वर्गात जास्त होतं. बारा तास खुर्चीवर बसून रात्रपाळी, भूक लागली की वडापाव, म्हणजे मैदा आणि तळलेला बटाटा. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, डाळ-भाजी विकत. वस्तीत चालायला मोकळी जागा नाही. उपाशीपोटी तपासणीला गेलं तर दिवसाची मजुरी बुडते. अशा माणसाला ‘जरा चालत जा’ एवढंच सांगणं अन्यायाचं आहे. त्याच सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात देशात १० कोटींहून जास्त मधुमेही निघाले, आणि सगळ्यांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के.

तिशी ओलांडली की आरोग्य उपकेंद्रात तपासणी मोफत असते. आशाताई फॉर्म भरायला येतात तेव्हा घेर खरा सांगा.

(दृश्य: ग्लुकोजचा पेला, घड्याळ)

६० गुण भरले तर रक्ततपासणी. फक्त उपाशीपोटीची करून थांबू नका. पुष्कळ भारतीयांत ती ठीक येते आणि जेवणानंतरची साखर चढलेली असते. आदल्या रात्रीपासून आठ तास उपाशी, पाणी चालतं. रक्त दिल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं. मग दोन तास बसून राहायचं. फेरफटका, चहा, विडी काही नाही, नाहीतर आकडा बिघडतो. उपाशीपोटी १२६ (मिलिग्रॅम, दर १०० मिलिलिटर रक्तामागे) किंवा दोन तासांनी २०० आणि वर, तर मधुमेह. पक्कं करायला दुसऱ्या दिवशी तपासणी पुन्हा. दोन तासांनी १४० ते १९९ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी, आणि परत फिरायला हीच जागा सोपी. भारतातल्याच एका अभ्यासात या पायरीवरच्या लोकांना तीन वर्षं आहार-व्यायामात धरून ठेवल्यावर मधुमेह होण्याचा धोका, तसं न केलेल्यांच्या तुलनेत, २८.५ टक्क्यांनी घटला.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी सोयीची, उपाशी राहावं लागत नाही. पण लोह कमी असलेल्या बाईत ती खोटी जास्त येऊ शकते. आणि गडचिरोली, नंदुरबारकडे, जिथं सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तिथं खोटी कमी. घरात कुणाला सिकलसेल असेल तर रक्त देण्याआधीच तसं सांगा, आणि तपासणी ग्लुकोजचीच करून मागा.