आजीचा पिचका तांब्या

नमस्कार मंडळी. शेंगाचटणी सोलापूरहून आणलीय आणि जेवण थांबलंय, तेव्हा लांबण लावत नाही.

१९४८ साली रझाकारांच्या भीतीनं निजामाच्या हद्दीतली माणसं सोलापुरात येत होती. १३ सप्टेंबरला आपली फौज सोलापूरकडून नळदुर्गावर गेली आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. तोवर आमच्या ओसरीवर दोन कुटुंबं होती. आजी रोज चळतभर भाकऱ्या थापायची. "दारी आलेला उपाशी जाऊ नये," हे तिचं ठरलेलं वाक्य. पण ती दोन्ही कुटुंबं आमच्याच जातीतली, सोयऱ्यांच्या ओळखीनं आलेली. तिसरं कुटुंब अंगणात, लिंबाखाली. त्यांना पाणी वरून ओतायचं, त्यासाठी वेगळा तांब्या. पिचका. आजीनं तो मला माळ्यावरून काढून दाखवला, अगदी सहज, कौतुकानंच म्हणा ना.

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. मग मदत कुणाला आणि किती, हे बरंचसं साहेबाच्या मर्जीवर आणि पेठेतल्या रीतीवर ठरतं. इथं कॅनडात तसं नाही, असं मला वाटायचं. १९७९ पासून इथं साधे नागरिकही पुढाकार घेतात; पाच जण मिळून एका निर्वासित कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घेऊ शकत होते (अशा गटांचे नवे अर्ज घेणं नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबवलं गेलं). नियम चोख आहेत.

आपण सीरियन कुटुंबासाठी सामान भरलं तेव्हा यादी मीच केली. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला. मटणाचा विषय निघाला तर कुणी म्हणालं, "मंडळाच्या पैशातून नको." मी मान डोलावली. महिन्याभरानं गेलो तर पोह्यांची पाकिटं फोडलेलीसुद्धा नव्हती. त्या बाईंना हवा होता बसचा पास. मुलाच्या शाळेपर्यंत त्या रोज चालत जात होत्या, बर्फातून.

इथवर ठीक, चूक झाली. पण आपली यादी मदत केंद्रात नमुना म्हणून लागली. पुढच्या कुटुंबालाही पोहे! आपल्या स्वयंपाकघरातली आवडनिवड अशी सरकारी कागदावर चढते, बघा.

येत्या कुटुंबाच्या वेळी यादी त्यांनीच सांगायची आणि पैसे त्यांच्या हातात द्यायचे, असं मी समितीला सुचवलंय. मटण घ्यायचं तर घेतील. सांगितलेलं उतरवून घ्यायला अरबी येणारं माणूस हवंय. कुणाच्या ओळखीत असेल तर जेवायच्या आधी मला गाठा.