प्रोटॉनवर प्रकाश मारला की काय होतं?

प्रोटॉन म्हटलं की डोळ्यासमोर एक टणक गोळी येते, शाळेच्या पुस्तकातल्या त्या ठिपक्यासारखी. पण आत क्वार्क नावाचे आणखी बारीक कण आहेत, ते सतत हलतायत, आणि बाहेरून नेमकी एनर्जी मिळाली तर त्यांची मांडणी बदलते आणि अख्खा प्रोटॉनच जड होतो. हीच त्याची उत्तेजित अवस्था.

पहिली अशी अवस्था, डेल्टा, 1952 मध्ये शिकागोला भौतिकशास्त्रज्ञ फर्मी आणि त्याच्या टीमला पायॉनच्या (क्वार्कपासूनच बनलेला, प्रोटॉनहून हलका कण) बीमने दिसली. प्रोटॉनचं वस्तुमान 938 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे एनर्जीचं एकक, कणांचं वस्तुमानही त्यातच सांगतात), डेल्टाचं 1232, आणि साध्या चित्रात फरक काय, तर एका क्वार्कचा स्पिन, म्हणजे फिरकीसारखा त्याचा गुण, उलटा झालाय, बस्स. मला हे अजूनही अचाट वाटतं. आणि ही टिकते किती? तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साधारण प्रोटॉनच्या रुंदीइतकाच पुढे सरकतो! त्यामुळे डेल्टा थेट कुणी पाहिलेली नाही, ती मोडून जे उडतं ते पकडायचं आणि उलटा हिशोब करायचा.

मग फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, कशाला, पायॉन होते की? तर क्वार्कचं गणित जेवढ्या अवस्था सांगतं त्यातल्या कितीतरी पायॉनच्या प्रयोगांत दिसतच नव्हत्या, कदाचित त्या पायॉनला दादच देत नसतील, म्हणून प्रकाशाने विचारून बघायचं.

आता हा फोटॉनचा बीम बनतो कसा ते बघा. वेगवान इलेक्ट्रॉन पातळ पत्र्यावर सोडायचे, काही इलेक्ट्रॉन तिथे फोटॉन फेकतात आणि मंदावतात, मंदावलेल्या इलेक्ट्रॉनला चुंबकाने वळवून त्याची उरलेली एनर्जी मोजायची, जी कमी भरली ती फोटॉनची. डेल्टासाठी स्थिर प्रोटॉनवर सुमारे 340 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन लागतो.

आणि अवस्था मोडून जे उडतं ते पकडायला जर्मनीत माइन्त्सला क्रिस्टल बॉल नावाचा गोळा आहे, सोडियम आयोडाइडचे 672 स्फटिक, त्यात फोटॉन शिरला की चमक उठते. न्यूट्रॉनचं जरा अवघड, मोकळा न्यूट्रॉन पंधराएक मिनिटांत मोडतो, त्याचं टार्गेट बनवणार कसं, म्हणून ड्यूटेरियममधला, म्हणजे जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रातला, वापरतात.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. या अवस्था इतक्या अल्पायुषी की मोजमापाच्या आलेखातली त्यांची शिखरं पसरट होऊन एकमेकांत मिसळतात, एकाच खोलीत आठदहा जण एकदम बोलतायत आणि तुम्हाला प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायचाय असं. म्हणून फोटॉनचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा, बदलायचं, टार्गेटमधल्या प्रोटॉनचे स्पिन एका दिशेला लावायचे, पुन्हा मोजायचं, पुन्हा बदलायचं, वर्षानुवर्षं.

आणि ते फळाला आलं. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमध्ये फोटॉन मारल्यावर प्रोटॉनमधून केऑन आणि लॅम्डा अशा दोन अल्पायुषी कणांची जोडी बाहेर पडताना मोजली, त्या डेटातून 1900 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासची एक अवस्था ठळक होत गेली. कणांच्या अधिकृत यादीत पुरावा जितका पक्का तितके तारे, जास्तीत जास्त चार; आधी तिला दोनच होते, 2018 मध्ये चारही मिळाले.