काळ्या मातीवरचा लाकडी डेक

(दृश्य : सोलापूरचा होटगी रोड. बैठ्या घराची मागची बाजू. दोन मजूर डेकच्या, म्हणजे लाकडी फळ्यांच्या ओट्याच्या, पायासाठी खड्डा घेतायत.)

"अजून मुरूम लागला नाही की ओ मालक!"

खड्ड्यातून आवाज येतो. मुरूम म्हणजे काळ्या मातीखालचा टणक थर. मालकांच्या मते एवढी खोली पुरे. मिस्त्री मात्र थांबायला तयार नाहीत, आणि त्यांचंच बरोबर आहे.

सोलापूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिते आणि सोडते. वैशाखात रानातल्या भेगांमध्ये सहज हात जातो. अशा मातीवर नुसते सिमेंटचे ठोकळे मांडून डेक उभा केला, की पावसाळ्यात एक खांब उचलला जातो आणि शेजारचा जागेवरच राहतो. फळ्या पिळवटतात आणि बोल लागतो लाकडाला. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यायचा. मुरूम फारच खोल असेल तर इंजिनिअरला दाखवून घ्या. पैसा हात सैल सोडून खर्चावा तो इथंच. फळी कधीही बदलता येते, पाया नाही.

(दृश्य : दगडावर उभा केलेला खांब, जवळून.)

जुन्या वाड्यांत लाकडी खांब जमिनीत पुरत नसत. तो दगडी तळखड्यावर उभा असे. डेकलाही तीच रीत लावा. लाकूड मातीला टेकलेलं असलं, की वाळवी आतून शिरते आणि वरून काही कळत नाही. मध्ये दगड असला तर तिला त्यावरून मातीची नळी बांधतच वर चढावं लागतं. बोटाएवढी रुंदसुद्धा नसते ती नळी, पण दिसते. महिन्यातून एकदा वाकून बघितलं तरी पुरतं.

आता वरचं काम. आडवे वासे साधारण ४० सेंटिमीटरवर, त्यांवर इंचभर जाडीची सागवानी फळी. दोन फळ्यांमध्ये मिस्त्री एक खिळा उभा धरतात, फळी त्याला भिडवतात, स्क्रू आवळतात आणि खिळा काढून घेतात. ही पाचेक मिलिमीटरची फट सोडलीच पाहिजे. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना बसवलेलं लाकूड पार वाळलेलं असतं. सप्टेंबरच्या पावसात ते रुंदीत फुगतं. फट नसेल तर फळ्या एकमेकींना रेटतात आणि मधून उचलतात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्या आणि आधी ड्रिलने भोक पाडा, नाहीतर सुक्या फळीचं टोक चिरतं.

डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या, फळीला वाळवी लागत नाही, हे खरं. पण ती उन्हानं लांबीत वाढते, म्हणून तिला टोकाशी जागा ठेवावी लागते. शिवाय सोलापूरच्या दुपारी तिच्यावर अनवाणी पाय ठरत नाही. आमचं मत सागवानाच्या बाजूनं आहे, तेही वर मांडव घालून. उतरवलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं. रंधा मारण्याआधी त्यातले खिळे मात्र हुडकून काढा.

(दृश्य : दसऱ्यानंतरची सकाळ. फटींतून कडुनिंबाची पानं काढली जातायत.)

पाऊस ओसरला की डेकची खरी तपासणी. फटीत कुजणारा पाला आधी काढा, कारण ओल तिथंच धरते. लाकूड राखाडी दिसलं म्हणून घाबरू नका. ते ऊन लागल्यानं होतं, आणि वरवरचंच असतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. सहज आत रुतलं तर लाकूड कुजलंय, ती फळी बदला. मग पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर लाकडाला आधी दिलेलं तेल शिल्लक आहे. लगेच मुरले, तर डेक घासून, पूर्ण वाळवून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि उरलेलं तेल पुसून घ्या.

पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळ्यात ती ऊब कोंडून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. चिंध्या मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा.