शेवटच्या खुर्चीपासून : कॉन्सर्ट बॅण्डसाठी संगीत निवडताना

(पुण्यातील शालेय व हौशी बॅण्डच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे कॉन्सर्ट बॅण्डसाठी, म्हणजे फुंकवाद्यं आणि तालवाद्यांच्या ताफ्यासाठी, तुकडा (वाजवायची रचना) निवडण्याची पद्धत ठरलेली आहे. यूट्यूबवर रेकॉर्डिंग ऐकायचं, अंगावर काटा आला की सेट, म्हणजे सगळ्या वादकांचे छापील कागद, मागवायचा. त्या रेकॉर्डिंगमध्ये साठ-सत्तर व्यावसायिक वादक असतात. चार फ्रेंच हॉर्न असतात, ओबो, बॅसून, टिंपनी सगळं असतं. आपल्यासमोर पस्तीस मुलं बसलेली असतात. ट्रम्पेट आठ, क्लॅरिनेट सात, सॅक्सोफोन पाच-सहा, हॉर्न एकही नाही, आणि ट्यूबा वाजवणारा मुलगा दहावीत गेला म्हणून क्लास लावून बसलेला. मग तुकडा बसत नाही आणि आपण मुलांवर चिडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की निवड उलट्या टोकापासून करा. स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत, हातात आला की फर्स्ट ट्रम्पेटची चाल बघू नका. आधी थर्ड क्लॅरिनेट, थर्ड ट्रम्पेट, सेकंड ट्रॉम्बोन हे पार्ट, म्हणजे मागच्या क्रमांकाच्या वादकांचे कागद, उघडा. पहिल्या खुर्चीवरची मुलगी घरी रियाज करते, ती कसंही निभावून नेते. तुकडा कोसळतो तो शेवटच्या खुर्च्यांवर.

थर्ड क्लॅरिनेटमध्ये काय बघायचं? पाच रेषांच्या नोटेशनमधला दुसऱ्या जागेतला ए आणि मधल्या रेषेवरचा बी. हा ए वाजवताना क्लॅरिनेटवरची जवळजवळ सगळी बोटं मोकळी असतात. लगेच वरचा बी वाजवायला सगळी छिद्रं बंद करून वर रजिस्टर कीही (वरचे सूर काढणारी कळ) दाबावी लागते. एका सुरासाठी दोन्ही हातांची हालचाल. यालाच क्लॅरिनेटवाले 'ब्रेक' म्हणतात. पार्ट सतत ब्रेकच्या वर राहिला तर एकवेळ चालतो, पण आठव्या भागाच्या (जलद) नोट्समध्ये ए-बी-ए-बी असा पुढंमागं जात असेल तर सातवीतल्या मुलाचं एखादं छिद्र हमखास उघडं राहणार आणि वाद्य चिरकणार. ग्रेड १ चे, म्हणजे सोप्या प्रतीचे, चांगले तुकडे ब्रेक ओलांडतच नाहीत. ग्रेड २ मध्ये ओलांडतात, पण सरळ चढत जाऊन.

ट्रॉम्बोनमध्ये बास क्लेफमधला (खर्जाच्या सुरांच्या लेखनातला) दुसऱ्या रेषेवरचा बी नॅचरल, म्हणजे साधा बी, शोधा. तो सातव्या पोझिशनला येतो, म्हणजे स्लाइड पूर्ण बाहेर. अकरा-बारा वर्षांच्या मुलाचा हात तिथं पोचत नाही. त्याच्या लगेच आधी किंवा नंतर बी फ्लॅट (अर्धा स्वर खालचा बी) असेल, म्हणजे पहिली पोझिशन, तर तो बार (उभ्या रेषांमधला मात्रांचा गट) विसराच. ट्रम्पेटमध्ये सगळे जण सर्वांत वरचा सूर बघतात. तो बघा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे विश्रांतीचे बार मोजा. वरचा जी एकदा वाजवून पुढं सहा बार थांबायचं असेल तर ओठ टिकतात. जुन्या मार्चमध्ये ट्रम्पेटला श्वास घ्यायलाही उसंत नसते. तीन मिनिटांचा मार्च सोपा म्हणून सुरुवातीला लावला आणि पुढच्या तुकड्यात ट्रम्पेट फुटले, याचं कारण बहुधा हेच असतं.

ग्रेडबद्दल थोडक्यात. प्रकाशक साधारण १ ते ६ अशी प्रत देतात, काही जण अर्ध्यापासून सुरू करतात. एकाचा ३ हा दुसऱ्याचा अडीच असू शकतो. आणि आपल्याकडे एक गोंधळ नेहमी होतो. पालक सांगतात, मुलीची ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षेची चौथी ग्रेड झाली आहे. त्या परीक्षांच्या ग्रेड १ ते ८ असतात आणि एकट्या वादकाच्या असतात. बॅण्डच्या ग्रेडशी त्यांचा आकड्यापुरताही संबंध नाही.

आता नसलेली वाद्यं. ओबो-बॅसूनची फार काळजी करू नका. शालेय दर्जाच्या तुकड्यांत त्यांच्या महत्त्वाच्या ओळी दुसऱ्या पार्टमध्ये बारीक नोट्समध्ये छापलेल्या असतात. त्यांना क्यू म्हणतात. स्कोअरमध्ये क्यू आहेत की नाहीत हे विकत घेण्याआधी तपासा. हॉर्नचा प्रश्न मोठा आहे, कारण बॅण्डच्या पोटातली हार्मनी तिथं असते. बऱ्याच बॅण्डवाद्यांचा लिहिलेला सूर आणि ऐकू येणारा सूर वेगळा असतो, त्या फरकाला ट्रान्सपोझिशन म्हणतात. एफ हॉर्नचा पार्ट एक पूर्ण स्वर वर चढवून लिहिला की तो ई फ्लॅट वाद्यासाठी तयार होतो. तोच कागद टेनर हॉर्नलाही चालतो आणि आल्टो सॅक्सलाही, कारण दोघांचं ट्रान्सपोझिशन एकच आहे. ट्रेबल क्लेफमधला युफोनियमचा पार्ट टेनर सॅक्ससमोर जसाच्या तसा ठेवता येतो. फक्त तळाचे एक-दोन सूर सॅक्सवर नसतात, ते वरच्या सप्तकात घ्यायचे. ट्यूबा गैरहजर असेल तर बॅरिटोन सॅक्सवाल्याला बास क्लेफचा पार्ट द्या. त्याने तो ट्रेबल क्लेफ समजून वाचायचा आणि की सिग्नेचरमध्ये (ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणांत) तीन शार्प (अर्धा स्वर वरच्या खुणा) वाढवायचे. ई फ्लॅटचे तीन फ्लॅट असतील तर शून्य झाले. मध्येच येणाऱ्या शार्प-नॅचरलच्या खुणा मात्र आधी पेन्सिलीने सुधारून ठेवा, तिथंच चुका होतात.

हेही जमणार नसेल इतकी वाद्यं कमी असली, तर 'फ्लेक्स' मांडणीचे तुकडे घ्या. त्यात चार-पाच आवाजच लिहिलेले असतात आणि प्रत्येक आवाज निरनिराळ्या वाद्यांसाठी उपलब्ध असतो. शेवटचा आवाज खर्जाचा. तो वाजवणारं किमान एक दमदार वाद्य हवं, नाहीतर सगळा बॅण्ड हवेत तरंगतो.

तालवाद्यांची वेगळी मोजणी करा. किती वाद्यं लिहिली आहेत ते नाही, एका वेळी किती हात लागतात ते. पुण्यात आपल्याला ढोल-ताशा पथकांतली मुलं मिळतात. मनगटं तयार, लय पक्की. पण ती नोटेशन वाचत नाहीत आणि त्यांना हळू आवाजात वाजवायची सवय नसते. स्नेअरवर पियानिसिमो (अगदी हळुवार) रोल असलेला तुकडा त्यांच्या भरवशावर घेऊ नका. स्नेअरऐवजी ताशा ठेवण्याची कल्पना अधूनमधून कुणीतरी मांडतं. मोकळ्या मैदानात ठीक आहे. सभागृहात ताशापुढे सात क्लॅरिनेट ऐकूच येणार नाहीत.

मराठी गाणी बॅण्डवर बसवायची असतील तर सगळ्यांत जास्त विचार पट्टीचा करावा लागतो. बॅण्डची सोयीची घरं बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि एफ. आपल्या भाषेत काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार. गायक काळी एकमध्ये गायला म्हणून बॅण्डही काळी एकमध्ये बसवायचा हट्ट धरला तर ट्यूबा आणि ट्रॉम्बोनला पाच फ्लॅट येतात. काळी दोनमध्ये न्या : क्लॅरिनेट-ट्रम्पेटला एकच फ्लॅट, आल्टो सॅक्सला काहीच नाही.

पण हे झालं बिलावलच्या, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांतल्या, चालीचं. राग बदलला की हिशेब बदलतो, आणि इथं अनुभवी अरेंजरही फसतात. भैरवीची चाल काळी दोनमध्ये लिहून बघा. रे, ग, ध, नी कोमल धरले की सात फ्लॅट होतात, मुलं कागद बघूनच हात टेकतात. तीच चाल पांढरी दोनमध्ये, म्हणजे डी हा सा धरून लिहा. सूर येतात डी, ई फ्लॅट, एफ, जी, ए, बी फ्लॅट, सी. म्हणजे बी फ्लॅट मेजरचेच दोन फ्लॅट, जे मुलं रोज स्केलमध्ये वाजवतात. काफी थाटासाठी सा पांढरी एकवर किंवा पांढरी चारवर घ्या, खमाजसाठी पांढरी चारवर, यमनसाठी काळी दोनवर. रोजच्या स्केलच्या सुरांतच थाट सापडतो, फक्त सा कुठं ठेवायचा ते ठरवायचं. तयार अरेंजमेंट विकत घेतानाही हेच तपासा. आणि मींडेवर उभी असलेली चाल ट्रम्पेटला देऊ नका, ती ट्रॉम्बोनच्या स्लाइडवर टाका किंवा सोडून द्या.

हक्कांचं बोलायला हवं. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. कायद्याच्या व्याख्येत अरेंजमेंट आणि ट्रान्सक्रिप्शनही येतात. म्हणजे चालू चित्रपटगीत आपण बॅण्डसाठी 'फक्त उतरवून' घेतलं तरी परवानगी लागते. कार्यक्रम तिकीट लावून असेल तर सादरीकरणाचा परवाना वेगळा, त्यासाठी आयपीआरएसकडे (संगीतकार-गीतकारांच्या हक्कसंस्थेकडे) जावं लागतं. हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सवलत आहे, पण ती सादरीकरणापुरती, कागदाच्या झेरॉक्सला नाही. नाट्यसंगीतात मोकळी वाट आहे. १९१६ च्या 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ मध्ये गेले. नाट्यसंगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले. या चालींची अरेंजमेंट तुम्ही करू शकता. दुसऱ्या कुणी अलीकडे केलेली अरेंजमेंट मात्र त्याची असते.

पाश्चात्त्य साहित्यात इंग्लिश संगीतकार होल्स्ट १९३४ मध्ये गेला, अमेरिकन मार्चकार सूझा १९३२ मध्ये. दोघंही इथं मुक्त आहेत. होल्स्टचा ई फ्लॅटमधला 'फर्स्ट स्वीट' १९०९ चा, आणि बरा बॅण्ड असेल तर दहा-अकरा मिनिटांचा मुख्य तुकडा म्हणून याच्याइतका फायद्याचा दुसरा मला दिसत नाही. पहिल्या भागात आठ बारांचा विषय ट्यूबा आणि युफोनियमपासून सुरू होऊन सगळ्या बॅण्डभर फिरतो, म्हणजे ज्यांना एरवी 'पूं-पूं' एवढंच मिळतं त्यांना चाल मिळते. मात्र इंटरनेटवरचा जुना सेट उतरवून घेताना सावध राहा. १९२१ च्या छपाईत कंडक्टरसाठी आटोपशीर (मोजक्या ओळींत आवरलेला) स्कोअर होता, फुल स्कोअर १९४८ मध्ये आला. आटोपशीर स्कोअरवरून हार्मनीत नेमका कोण चुकतोय ते कळत नाही. जुन्या मार्चच्या सेटमध्ये डी फ्लॅट पिकोलोचा पार्ट असतो. तो आजच्या सी पिकोलोवर वाजवायला अर्धा स्वर वर चढवून लिहावा लागतो. तसाच हातात दिला तर पिकोलो पूर्ण वेळ अर्धा स्वर खाली, आणि मुलाला वाटतं वाद्य बिघडलंय.

सेट ठरवण्याआधी एक चाचणी घ्या. नमुना स्कोअर मिळतोच. त्यातला सगळ्यांत दाट भाग निवडा, सुरुवात नाही. एका तालमीत दोन-तृतीयांश लयीत वाचायला लावा. बॅण्ड अडखळत का होईना शेवटपर्यंत गेला, तर आठ आठवड्यांत तुकडा बसेल. तीनदा थांबावं लागलं तर पुढच्या वर्षी.

छपाईचं शेवटी. बाहेरचे पार्ट ९ बाय १२ इंचांचे असतात. ए-४ वर घ्यायचे तर ९२ टक्क्यांवर छापा, नाहीतर कडेचा बार कापला जातो. अप्पा बळवंत चौकात नेहमीचा ७५ जीएसएम वजनाचा (पातळ) कागद देतात, स्टँडच्या दिव्यात त्यातून मागची ओळ दिसते. किमान ९० मागा. तीन पानांचा पार्ट पाठपोट छापू नका, एका बाजूने छापून मागून चिकटपट्टी लावा, म्हणजे पान उलटावं लागत नाही. प्रत्येक पार्टच्या कोपऱ्यात सेट क्रमांक आणि खुर्ची क्रमांक घाला. मूळ प्रत कपाटात, मुलांच्या हातात कार्यप्रत. पेन्सिल फक्त एचबी, पेन नाही. आणि पावसाळ्यात फोल्डर कापडी नको, प्लॅस्टिकचे द्या.